नोंद आढळून येत नाही

अर्जात आपलं नाव आहे हे मोहियुद्दीनच्या लक्षात आलं तेव्हा आवकचा शिक्का मारून झाला होता. शिक्का मारायच्या आधी वाचलं असतं तर, असा विचार पहिल्यांदा त्याच्या मनात आला, आणि तो आला याचीच पुढे कितीतरी दिवस त्याला लाज वाटत राहिली. रेघी वहीतून फाडलेला कागद, निळं बॉलपेन, खाली अर्जदार म्हणून गौराबाई दशरथ ठोंबरे. विषय, पर्यटक माहिती केंद्र चालवत असल्याचा अनुभवाचा दाखला मिळणेबाबत. मजकूर चारच ओळींचा होता. मी गेली नऊ वर्षे गडाच्या पायथ्याचे नगरपरिषदेचे केंद्र रोज उघडते व बंद करते. मला चावी मोहियुद्दीनभाऊ यांनी स्वतः आणून दिली व सध्या बसा म्हणाले. तरी ते सांगतील. ही शेवटची ओळ त्याने पुन्हा वाचली. विनंती नव्हती ती, तक्रारही नव्हती. उद्या सोमवार आहे असं लिहावं तसं तिने लिहिलं होतं. तरी ते सांगतील. मिळकत विभागातला पंखा डोक्यावर फिरत होता, पलीकडे कुणीतरी घरपट्टीवरून हुज्जत घालत होतं, आणि मोहियुद्दीनच्या जिभेवर एकाएकी लोखंडाची चव आली, लहानपणी विहिरीच्या रहाटाची साखळी चाटली होती तेव्हा आली होती तशी. अठरा महिन्यांनी तो निवृत्त होणार होता. पस्तीस वर्षांच्या नोकरीत हजारो कागदांवर त्याची सही गेली होती, पण कुणाच्या कागदाच्या मजकुरात तो कधी आला नव्हता.

आंबेतळ्याची नगरपरिषद तशी लहान. कर्जत आणि खालापूर यांच्या मधोमध, डोंगराच्या कुशीत, ना धड गाव ना धड शहर. कारखान्यात जाणारे सकाळी साजगावला, रसायनीला जातात, बाकीचे कर्जतला गाडी पकडतात, आणि शनिवार-रविवारी उलट बाजूने मुंबईची माणसं गड बघायला येतात. त्यांच्यासाठी दहाएक वर्षांपूर्वी पर्यटनाच्या निधीतून ते केंद्र बांधलं गेलं होतं. उतरतं छप्पर, पुढे मोठी काच, बाजूला संडास, आत एक लांब ओटा. उद्घाटन झालं, हार सुकले, आणि कुलूप लागलं, कारण इमारतीला निधी मंजूर होता पण तिथे बसायला माणूस मंजूर नव्हता. वर्षभर व्हरांड्यात शेळ्या बसल्या. मग एके दिवशी त्या वेळचे मुख्याधिकारी, एक उंच, घाईघाईने बोलणारे गृहस्थ, जिना उतरता उतरता म्हणाले, “परवा जिल्ह्याहून पाहणी आहे. केंद्र चालू दिसलं पाहिजे. बसवा कुणालातरी.” हा आदेश होता. तो जिन्यात दिला गेला आणि जिन्यातच राहिला. मोहियुद्दीन स्कूटर काढून पायथ्याला गेला. गडाच्या वळणावर गौराबाई टोपलीत काकड्या घेऊन बसली होती. तिचा नवरा साजगावला कारखान्यात होता, काविळीने गेला, हे गावातल्या सगळ्यांना ठाऊक होतं तेवढंच त्यालाही ठाऊक होतं.

“गौराबाई, आत बसाल का?” त्याने विचारलं होतं.

“आत? सरकारी जागंत? कोन काय बोलंल, भाऊ.”

“मी सांगतोय ना. तुमच्या काकड्या, चहा, काय ते आत विका. लोकांनी वाट विचारली तर सांगा. सध्या बसा. कागद नंतर करू.”

ती टोपली तशीच उचलून उभी राहिली होती. त्याच्या हातातली चावी घेताना तिने हात आधी लुगड्याला पुसला होता. हे त्याला आज, नऊ वर्षांनी, अर्ज हातात असताना इतकं लख्ख दिसलं की त्याने नकळत आपला हात पँटला पुसला.

कागद नंतर झाला नाही. का झाला नाही याची उत्तरं त्याच्यापाशी होती, एक सोडून तीन, आणि तिन्ही खरी होती. पहिल्या वर्षी निवडणूक आली. दुसऱ्या वर्षी ते घाईघाईचे साहेब बदलून गेले, आणि पुढे वारलेही. तिसऱ्या वर्षापर्यंत त्याच्या लक्षात आलं होतं की कागद केला की फाईल होईल, फाईल झाली की ती सभेपुढे जाईल, सभेपुढे गेली की कुणा ना कुणा नगरसेवकाचा मेहुणा त्या जागेवर बसेल. कागद नाही म्हणूनच बाई टिकली आहे, असं तो स्वतःला सांगायचा, आणि त्यात काही खोटं नव्हतं. पण ते खरं असणं आता कशाला उपयोगी पडणार होतं? खरं तर कागदाची किंमत त्याच्याइतकी या गावात कुणाला कळत नव्हती. त्याचे वालिद मुरुडहून इथे आले, भावाच्या भागीत लाकडाची वखार घातली, वीस वर्षं राबले. भाऊ वारला तेव्हा पुतण्यांनी विचारलं, चाचा, भागीचा कागद कुठाय? वालिद त्यानंतर दारात आरामखुर्ची टाकून बसायचे आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगायचे, बाबांनो, कागद करा, माणूस मरतो. पोराला त्यांनी धंद्यात घातलं नाही, कचेरीत घातलं. तेच हे पोर. ज्याच्या घरात कागदाअभावी चूल विझली होती त्याने दुसऱ्या घराचा कागद करायचा तसाच ठेवला होता. मोहियुद्दीनने अर्ज फायलीत घातला, फाईल इतर फायलींच्या खाली ठेवली आणि मग पुन्हा काढून वर ठेवली.

आणि अर्ज का आला होता? तेही त्याचंच काम होतं. दिवाळीआधीच्या सभेत ठराव झाला, केंद्र चालवायला संस्था नेमावी, निविदा मागवावी. नवे मुख्याधिकारी तिशीतले, चष्मा लावणारे, सगळ्यांना अहोजाहो करणारे. केंद्राकडे आठवड्याला हजार माणसं येतात आणि आपल्याकडे त्याची एक ओळ नाही हे त्यांना खटकलं होतं, आणि ते खटकणं वावगं नव्हतं. “काका, अटी-शर्तींचा मसुदा तुम्ही करा,” ते म्हणाले. मोहियुद्दीनने दुसऱ्या एका शहराची निविदा समोर घेतली आणि नावं बदलत गेला. अट क्रमांक सात, निविदाधारकास तत्सम केंद्र चालविण्याचा किमान तीन वर्षांचा अनुभव असावा व त्याबाबत सक्षम प्राधिकाऱ्याचा दाखला जोडावा. ही अट टंकताना तो काय करत होता हे त्याला नीट आठवत होतं. चहा पीत होता. चहा चांगला झाला होता. गौराबाई त्याच्या मनात आलीच नाही. वाईट हेतू असता तर त्याला धरून काहीतरी झगडता आलं असतं. इथे हेतूच नव्हता. एक बाई नऊ वर्षं रोज कुलूप उघडते आणि त्या कुलपाविषयीची अट लिहिणाऱ्याला ती आठवतही नाही.

गौराबाईने आपल्या वाडीतल्या बायकांचा बचत गट उभा केला होता, गटाच्या नावाने निविदा भरायची ठरवली होती. सगळी कागदपत्रं जमली होती. राहिला होता फक्त सात नंबर. अर्जाच्या दुसऱ्या दिवशी ती स्वतःच आली. खांद्यावर सिमेंटची रिकामी गोण, तिच्यात वह्या. तिने त्या एकेक करून त्याच्या टेबलावर मांडल्या, अकरा वह्या, वरच्या दोनांना वाळवी लागलेली.

“पुरावा मागतील म्हनून आनल्या,” ती म्हणाली. “वर कोन गेला, किती जन, किती वाजता. खाली कवा आला. समदं हाय.”

“बसा ना, गौराबाई.”

“नाय, बसत नाय. दुकान उघडं ठेवून आलेय.” ती केंद्राला दुकान म्हणायची. “भाऊ, एक बरं झालं. त्या अटीमुळं तरी कागद व्हईल. तुमी तवाच बोलला व्हतात, नंतर करू.”

ती गेल्यावर त्याने एक वही उघडली. केंद्रात कधी गेला की ओट्यावर ही वही पडलेली दिसे, पण तिच्यात काय आहे हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. डोंबिवली, बारा जण, म्होरक्याचं नाव, वर सव्वासात, खाली दीड. ठाणे, चार जण, दोन बायका, एकीला दमा, अर्ध्यातून परत पाठवली. पुणे, सहा जण, दारू होती, जाऊ दिलं नाही, शिव्या दिल्या. पनवेल, नऊ जण, आठच खाली आले, विठू ठाकराला पाठवला, पोरगा पाण्याच्या टाक्यापाशी झोपला होता, पाच वाजता खाली, मग कुलूप. पानामागून पान. ‘मग कुलूप’ हे शब्द प्रत्येक दिवसाच्या शेवटी होते. म्हणजे शेवटचा माणूस खाली उतरेपर्यंत ती घरी गेली नव्हती, नऊ वर्षांत एकदाही. हे कुणी तिला सांगितलं नव्हतं. कुठल्याही अटीत ते नव्हतं, त्याने उतरवून काढलेल्या त्या दुसऱ्या शहराच्या एकोणतीस अटींतही नव्हतं. तो उलटत गेला. त्याला थांबायचं होतं पण बोटं थांबेनात. आणि सहाव्या वहीत, जानेवारीतल्या एका दिवशी, शाळेची सहल, चौपन्न मुली, तीन बाई. खाली बारीक अक्षरात, लायबा मोहियुद्दीन, पाय मुरगळला, पाठीवर घेऊन आणली, हळद बांधली, रडली नाही, चार चाळीसला खाली. मोहियुद्दीनला तो दिवस आठवला. त्याची लेक लायबा पायाला फडकं बांधून घरी आली होती, अंगाला धुराचा वास होता. एका मावशीने उचलून आणलं, म्हणाली होती. कोण मावशी, हे त्याने विचारलं नव्हतं. त्याच्या बायकोने, नूरबानोने, फडकं सोडून चुलीत टाकलं आणि दवाखान्यातली क्रेप बांधली.

कार्यालय अधीक्षक नंदा मॅडम त्याच्या टेबलापाशी आल्या तेव्हा ती वही उघडीच होती. त्या त्याच्याहून चार वर्षांनी लहान, पण कायद्यात पक्क्या आणि मनाने वाईट नाहीत. त्यांनी अर्ज वाचला, वह्यांकडे पाहिलं.

“या खाजगी वह्या,” त्या म्हणाल्या. “आपला शिक्का नाही, पानांना क्रमांक नाहीत.”

“नऊ वर्षं बसली ती तिथे, मॅडम. सगळ्या गावाला माहीत आहे.”

“गावाला माहीत असू दे. कागदावर तुम्ही काय लिहिणार?” त्या खुर्ची ओढून बसल्या आणि आवाज खाली आणला. “खरं लिहाल तर पहिला प्रश्न तुम्हालाच येईल. कुणाच्या हुकमाने दिलीत चावी? नगरपरिषदेची इमारत, करार नाही, भाडं नाही, ठराव नाही. तो हुकूम देणारा माणूस वर गेला. राहिलात तुम्ही. दीड वर्ष राहिलंय तुमचं. चौकशी लागली की पेन्शन अडकतं, मी पाहिलीयत असली माणसं. शिपायांच्या बाकावर येऊन बसायची. तुमच्या भल्यासाठी सांगते. रेकॉर्डवर जे आहे ते लिहा. रेकॉर्डवर काही नाही, तर काही नाही असं लिहा. ते खोटं नाही.”

ते खोटं नव्हतं. हेच तर. त्या वाक्यात कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती. मोहियुद्दीन घरी आला, जेवला, लायबाशी दोन शब्द बोलला. ती आता रसायनीला एका प्रयोगशाळेत लागली होती, सकाळी सातच्या बसने जायची. तिला विचारावं असं त्याला वाटलं, तुला आठवते का ती मावशी? पण विचारलं असतं तर पुढचं सांगावं लागलं असतं. शुक्रवारी मशिदीत रांगेत उभा राहिला, शेजाऱ्याचा खांदा खांद्याला लागला, ओठ आपोआप हलत राहिले आणि त्यांच्या खालून दुसरंच काहीतरी वाहू लागलं, अभिलेखाची तपासणी केली असता, तपासणी केली असता. लहानपणी उस्तादांनी सांगितलं होतं, माणसाच्या दोन्ही खांद्यांवर दोन फरिश्ते असतात, एक चांगलं लिहितो, एक वाईट. तेव्हा त्याला त्यांची भीती वाटायची. आता वाटलं, त्यांची वहीही कुणी खाजगी म्हणालं तर? मग लगेच त्या विचाराची धास्ती बसून त्याने सलाम फिरवताना मान खाली घातली, उजव्या खांद्याकडे नुसती वळवली, पाहिलं नाही.

सोमवारी मुख्याधिकाऱ्यांनी बोलावलं. त्यांच्या टेबलावर तो अर्ज होता. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि सरळ विचारलं, “काका, यात तुमचं नाव आहे. तुम्ही दिली होती का यांना चावी?”

या क्षणाकडे मोहियुद्दीन नंतर रोज परत जाणार होता. खोलीत एसीची घरघर होती. भिंतीवर गडाचा फोटो होता, पावसाळ्यातला, हिरवागार. साहेबांचा चेहरा रागीट नव्हता, संशयी नव्हता. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं. हो, एवढंच म्हणायचं होतं. हो साहेब, मी दिली, तोंडी हुकूम होता. तोंड उघडलंही होतं. पण त्या उघड्या तोंडात एकाएकी शिपायांचा बाक आला, वालिदांची आरामखुर्ची आली, लायबाचं ठरत आलेलं लग्न आलं, आणि त्या सगळ्याच्या मागून एक सपाट, ओळखीचा नसलेला आवाज आला, “आठवत नाही, साहेब. बरीच वर्षं झाली.”

साहेबांनी त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. मग चष्मा घातला.

“हरकत नाही. आठवत नसेल तर नाही. तुम्ही फक्त हो म्हणाला असतात तरी मी दिला असता दाखला, माझ्या अधिकारात. चांगली बाई आहे असं ऐकलंय.” ते कागद पुढे सरकवत म्हणाले, “मग नियमाप्रमाणे उत्तर द्या.”

तो दाराशी पोचला होता. परत वळता आलं असतं. साहेब, आठवलं, असं म्हणता आलं असतं. वयाची माणसं असं म्हणतात, कुणी हसत नाही. सहा पावलं होती. तो दाराची मूठ धरून उभा राहिला, इतका वेळ की साहेबांनी मान वर करून विचारलं, “काही राहिलं का, काका?” आणि तो म्हणाला, “नाही.”

उत्तर त्याने स्वतःच लिहिलं. उपरोक्त विषयाबाबत या कार्यालयाच्या अभिलेखाची तपासणी केली असता आपण नमूद केल्याप्रमाणे कोणतीही नोंद आढळून येत नाही, सबब दाखला देता येत नाही. टंकून झाल्यावर वाचलं, एक अनुस्वार राहिला होता तो घातला. वह्या गोणीत भरून शिपायाकरवी केंद्रावर पाठवून दिल्या. स्वतः गेला नाही. त्या दिवसापासून तो केंद्राच्या रस्त्याने जायचं टाळू लागला. घरी जायला बाजारातून वळसा पडायचा, तो घेऊ लागला.

डिसेंबरात निविदांचे तांत्रिक लिफाफे उघडले तेव्हा सभागृहात गौराबाई गटातल्या दोघींना घेऊन आली होती, धुतलेलं लुगडं, डोक्यावर पदर. तिघी मागच्या रांगेत बसल्या. नंदा मॅडमनी एकेक नाव वाचलं. गटाचं नाव आलं, अट क्रमांक सात, दाखला नाही, अपात्र. एकाच वाक्यात झालं. गौराबाईने शेजारणीला कुजबुजत विचारलं, “झालं?” शेजारीण म्हणाली, “झालं वाटतं.” तरी त्या उठल्या नाहीत. बाकीचे लिफाफे उघडून होईपर्यंत, सगळ्यांनी सह्या करेपर्यंत त्या बसून राहिल्या, मध्येच उठून गेलं तर बरं दिसणार नाही म्हणून. मोहियुद्दीन पुढे बसून उपस्थितीपत्रक फिरवत होता. ते तिच्यापाशी गेलं तेव्हा तिने सावकाश सही केली आणि त्याच्याकडे पाहून हलकं हसली, ओळखीच्या माणसाकडे बघून हसावं तसं. त्या हसण्यात त्याने टोचणी शोधली, राग शोधला. रात्रंदिवस शोधत राहिला. काही सापडलं नाही.

काम मुंबईच्या एका संस्थेला गेलं. जानेवारीत पुन्हा उद्घाटन झालं. काच नवी आली, ओट्याच्या जागी काउंटर आला, दोन तरुण मुली एकसारखे निळे कुडते घालून बसू लागल्या. त्या छापील नकाशा देत, हसून बोलत, साडेपाचला केंद्र बंद करून गाडीने कर्जतला जात. वर कोण गेलं, खाली कोण आलं, हे लिहायची अट नव्हती. प्रजासत्ताक दिनाच्या सुट्टीत कल्याणची तीन मुलं अंधार पडला तरी वर राहिली. वाट चुकली. दोघं सकाळी रडत खाली आले, तिसऱ्याला दुपारी विठू ठाकर आणि वाडीतल्या माणसांनी घळीतून काढलं. एकोणीस वर्षांचा होता. पंचनाम्यासाठी केंद्राची माहिती मागवली गेली, ती मोहियुद्दीनच्याच टेबलावर आली. सदर दिवशी गडावर गेलेल्या व परतलेल्या व्यक्तींचा तपशील काय? त्याने संस्थेला विचारलं. संस्थेने कळवलं तेच त्याने वर कळवलं. पुन्हा तेच चार शब्द, नोंद आढळून येत नाही, फक्त क्रियापदाला आता हात अडखळला नाही. त्या दिवशी घरी लायबा म्हणाली, “अब्बा, तिथे आधी एक मावशी असायची ना? शेवटचा माणूस उतरल्याशिवाय ती जायची नाही. तिला का काढलं?”

“काढलं नाही. निविदा झाली.”

“पण तुम्ही होतात ना तिथे?”

नूरबानो म्हणाली, “जेवू दे त्यांना.” लायबाने भाजीचं भांडं पुढे केलं. त्याने वाढून घेतलं. खरं म्हणजे त्याला ताटातलं काही दिसत नव्हतं. त्याला दिसत होती एक घळ, आणि तिच्या तोंडाशी साडेपाचला लागलेलं कुलूप, आणि एक बाई, जी तेव्हा आपल्या घरी चुलीपुढे बसली होती, कारण तिला तिथे असायचा अधिकार नव्हता. त्या मुलाच्या आईला कधी कळणारही नव्हतं की आंबेतळ्याच्या नगरपरिषदेत एक लिपिक आहे, ज्याला एकदा एक प्रश्न विचारला होता.

मार्चच्या मध्यावर, दुपारी जेवणाची सुट्टी संपत असताना, गौराबाई टेबलासमोर येऊन उभी राहिली. वाळली होती. हातात प्लास्टिकच्या पिशवीत एक छापील फॉर्म होता.

“भाऊ, येळ हाय का? फारम इंग्रजीत हाय. त्या कंपनीला झाडलोटीला बाई पायजे. पोरी चांगल्या हायत, बोलल्या, मावशी भरा.”

मोहियुद्दीनने फॉर्म घेतला. नाव, पत्ता, वय, तो विचारत गेला, ती सांगत गेली. शेजारची टेबलं अजून रिकामी होती. आता बोललं नाही तर कधीच बोलणार नाही हे त्याला कळत होतं, अगदी शांतपणे कळत होतं.

“गौराबाई,” तो म्हणाला, “ती चावी. मीच दिली होती तुम्हाला.”

“मंग? मला ठावं नाय व्हय?” ती म्हणाली. “सायबांनी सांगितलं मला, भाऊंना आठवत नाय म्हनून. मी म्हटलं, आसंल. वय झालं की व्हतं. माजा थोरला दीर असाच इसराया लागला व्हता, आदी नावं, मंग घर. आमाला वाटायचं मुद्दाम करतो. पाप लागलं आमाला.” ती जरा वाकली आणि त्याच्या चेहऱ्याकडे निरखून बघत म्हणाली, “आता आठवलं ना पन? ते बरं झालं. म्हंजे अजून येळ गेली नाय.”

त्याने बोलायचा प्रयत्न केला. मला तेव्हाही आठवत होतं, एवढंच वाक्य. ते त्याच्या तोंडात पूर्ण तयार होतं. पण समोरच्या चेहऱ्यावर त्याच्याविषयी इतकी उघडी काळजी होती की ते वाक्य तिच्यावर टाकणं हे त्याला त्या उत्तराहून मोठं क्रौर्य वाटलं. की हीसुद्धा एक सबबच होती? त्याला ठरवता येईना. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सबबी तपासून तपासून त्याला स्वतःची ओळखू येईनाशी झाली होती.

“पुढं काय हाय?” तिने विचारलं.

“पूर्वीचा अनुभव.” त्याचा आवाज त्यालाच ऐकू आला नाही. “नऊ वर्षं लिहितो.”

“नको, नको.” ती घाबरली. “दाखला मागतील, मंग? नाय म्हनून लिवा. खोटी म्हनतील नायतर.”

त्याने लिहिलं. तिने फॉर्म घडी न घालता पिशवीत ठेवला, आणि त्याच पिशवीच्या तळातून केळीच्या पानात गुंडाळलेली एक पुडी काढून त्याच्यापुढे उघडली. आत बारीक, गोलसर, ओली हिरवी पानं होती, मुळांना माती तशीच.

“बराम्ही हाय. वड्याच्या कडंला अजून पानी हाय, तिथनं आनली. रोज उपाशीपोटी पाच पानं चावायची. दिराला उशिरा दिली, तुमाला तसं नको.” तिने पाच पानं खुडली, पदराने पुसली आणि तळहातावर धरली. “घ्या. माज्यासमूर घ्या, नायतर इसराल.”

बाहेरून माणसं परतू लागली होती. कुणीतरी पंखा लावला. मोहियुद्दीनने पानं तोंडात घातली आणि चावू लागला. कडू होती, मातीसकट कडू. डोळ्यांत पाणी आलं ते त्याने पुसलं नाही.

“कडू लागंल,” गौराबाई म्हणाली, “पन थुकू नका.” आणि त्याने गिळेपर्यंत ती तिथेच उभी राहिली.